साफ केलं, ऑइल टाकलं तरी ग्राफिक्स कार्डचा आवाज परत येतोच: अख्खा कुलर बदलायचा की नुसते फॅन?

प्रॉब्लेम सगळ्यांचा साधारण सारखाच असतो. कार्ड काढलं, ब्लोअर मारला, चिपवरची थर्मल पेस्ट बदलली, दोन-तीन आठवडे पीसी एकदम शांत, आणि मग एक दिवस गेम लावला की परत घों घों सुरू, हेडफोन घातला तरी ऐकू येतं आणि घरचे विचारतात मिक्सर चालू आहे का. मग लोक थेट "सगळ्यात शांत कुलर कुठला घेऊ" म्हणून विचारतात. माझं म्हणणं, आधी आवाज कशाचा आहे आणि तो परत का येतोय ते शोधा, कारण निम्म्या वेळा कुलर बदलायची गरजच नसते, आणि गरज असली तरी अख्खा कुलर (चिपवरचा धातूचा हीटसिंक आणि त्यावरचे फॅन, सगळं मिळून) क्वचितच लागतो, नुसते फॅन बदलून भागतं.

उदाहरणाला एएमडीचं आरएक्स ५८० आठ जीबी धरतो, कारण सध्या सेकंडहँडमध्ये हे कार्ड जिथे तिथे दिसतं. २०१७ चं कार्ड, १८५ वॅट खाणारं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर ढिगाने बाजारात आलेलं. मायनिंगला चोवीस तास चाललेल्या कार्डाची चिप बऱ्याचदा ठणठणीत असते पण फॅन मात्र पार झिजलेले असतात. विकणारा फॅन फिरवून दाखवतो, दुकानातल्या गोंगाटात काही कळत नाही, घरी आणल्यावर रात्री कळतं. बाकी कार्डांनाही पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू आहे, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आधी आवाज ओळखा

केसचं साइड पॅनल काढा, बाकी सगळे फॅन बायोसमधून कमी करा आणि आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून कार्डचा फॅन ३०, ५०, ७० टक्के असा वाढवत न्या. गेम चालू नको, नुसता डेस्कटॉप. आता ऐका.

खरखर किंवा टकटक येत असेल आणि ती कमी स्पीडला जास्त जाणवत असेल तर बेअरिंग गेलंय. पीसी बंद करून फॅनचं मधलं बूड दोन बोटांत धरून हळूच हलवून बघा, चांगला फॅन किंचित हलतो, गेलेला फॅन ढिल्या दातासारखा डुगडुगतो. इथे लोक काय करतात, मागचं स्टिकर सोलतात, शिलाई मशीनचं ऑइल एक थेंब टाकतात, आणि खरंच आवाज जातो. पण या फॅनमध्ये बहुतेक वेळा साधं स्लीव्ह बेअरिंग असतं, आतली बुशिंग झिजलेली असते, ऑइल फक्त ती पोकळी थोडे दिवस भरून काढतं. त्यात सोललेलं स्टिकर परत नीट चिकटत नाही, मग ऑइल बाहेर येतं आणि धूळ आत जाते. म्हणून आवाज परत येतो, आणि आधीपेक्षा लवकर येतो. फॅन बदला, विषय संपला.

नुसता हवेचा घोंगावणारा आवाज असेल, खरखर नाही, फक्त स्पीड जास्त, तर फॅन चांगला आहे पण कार्ड गरम होतंय म्हणून तो पळतोय. इथे फॅन बदलून अर्धाच फायदा, कारण उष्णतेचं मूळ तसंच राहतं.

बारीक चीं चीं किंवा किरकिर येते आणि ती एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बरोबर बदलते, मेनू स्क्रीनवर जिथे एफपीएस पाचशेला जातो तिथे सगळ्यात जास्त, तर तो फॅनच नाही. ती कॉइल व्हाइन, म्हणजे कार्डावरच्या कॉइलच्या थरथरीचा आवाज. जगातला कुठलाही कुलर लावा, ती जाणार नाही, उलट फॅन शांत झाल्यावर जास्तच ऐकू येईल. एफपीएसला लिमिट लावा, व्होल्टेज कमी करा, बरीच कमी होते.

आणि चौथा आवाज म्हणजे गुणगुण, एका ठराविक स्पीडला येणारी, खाली-वर केलं की जाणारी. हे बहुतेक प्लास्टिकचं कव्हर किंवा केसचा पत्रा थरथरत असतो. फॅन चालू असताना कव्हरवर बोट टेकवा (ब्लेडपासून लांब), आवाज थांबला तर चोर सापडला.

परत परत का येतो

बेअरिंगचं सांगितलं. दुसरं कारण पेस्ट. ग्राफिक्स कार्डच्या चिपवर सीपीयूसारखं धातूचं झाकण नसतं, सिलिकॉन उघडंच असतं, आणि गरम-थंड, गरम-थंड होऊन पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. उघडून बघितलं की चिपच्या मध्यभागी जवळजवळ कोरडं आणि कडेला पेस्टचा वरंबा. सीपीयूवर वर्षानुवर्षं चालणारी पेस्ट कार्डवर काही महिन्यांत हात टेकते, हे म्हणूनच. आधी ७० ला असणारं कार्ड ७८ ला जातं, फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला फॅन किती पळवायचा ते सेटिंग) आपलं काम करतो, आवाज परत. यावर हनीवेलचं पीटीएम ७९५० हे शीट चांगलं चालतं, ते साधारण ४५ अंशांना मऊ होऊन चिपवर बसतं आणि पेस्टसारखं बाहेर पळत नाही. ते मिळालं नाही तर निदान घट्ट पेस्ट घ्या. शीट घेताना मात्र जपून, नकली खूप आहेत.

तिसरं कारण आपल्याकडचं हवामान, याकडे कोणी लक्षच देत नाही. कुलर कार्डला खोलीच्या तापमानापेक्षा अमुक अंश वर ठेवतो, त्याच्या खाली नेऊ शकत नाही. समजा जानेवारीत खोली २४ ला आहे आणि कार्ड ६६ ला, तर तेवढ्याच लोडला, तेवढ्याच फॅन स्पीडला, मे महिन्यात ३८ च्या खोलीत ते ८० ला जाणार, सरळ हिशेब आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या लोकांनी दिवाळीत सेट केलेला फॅन कर्व्ह होळीनंतर आपोआप बोंबलायला लागतो. कार्ड बिघडलेलं नसतं. उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा असे दोन प्रोफाइल आफ्टरबर्नरमध्ये सेव्ह करून ठेवा.

चौथं, केस. काचेचं फ्रंट, हवा यायला वाव नाही, कार्ड स्वतःचीच गरम हवा परत परत ओढतंय. टेस्ट सोपी: पंधरा-वीस मिनिटं गेम चालवा, तापमान बघा, मग साइड पॅनल काढून तेवढंच परत चालवा. ७-८ अंश किंवा जास्त फरक पडला तर पैसे कुलरवर नाही, पुढच्या एका इनटेक (हवा आत ओढणाऱ्या) फॅनवर घाला.

पैसे न घालता जे होतं ते आधी

एएमडीच्या एड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंगला जा, वरच्या स्टेटचं (सगळ्यात जास्त स्पीडच्या पायरीचं) व्होल्टेज २५-२५ मिलिव्होल्टने कमी करत न्या आणि दर वेळी खरा गेम अर्धा तास चालवून बघा. ११५० वर असलेली बरीच आरएक्स ५८० कार्डं ११०० च्या खाली आरामात चालतात, काही नाही चालत, प्रत्येक चिप वेगळी. स्क्रीन काळी झाली किंवा ड्रायव्हर रीस्टार्ट झाला की एक पायरी वर या. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर एफपीएस ७५ ला बांधा, १४० एफपीएस काढून कार्ड तापवण्यात काय मिळतं मला आजवर कळलेलं नाही. एवढ्यानेच ३०-४० वॅट कमी होऊ शकतात आणि तेवढी उष्णता फॅनला उचलावी लागत नाही.

झिरो आरपीएम मोडचंही बघा. कार्ड थंड असताना फॅन बंद राहतो, ठराविक तापमानाला झटक्यात चालू होतो, थंड झालं की बंद, परत चालू. व्हिडिओ बघताना दर दोन मिनिटांनी व्रूम, शांत, व्रूम. सतत चालणाऱ्या हळू फॅनपेक्षा हे जास्त टोचतं. मोड बंद करा किंवा हिस्टेरेसिस (फॅन चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतलं अंतर) वाढवा.

आता कुलर: तीन रस्ते

पहिला रस्ता, तोच फॅन नवीन. जुना फॅन काढून मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर वाचा, जसं टी१२९२१५एसयू, आणि तोच नंबर शोधा. नुसतं "अमुक कंपनीच्या ५८० चा फॅन द्या" म्हणून मागवू नका, एकाच कार्डात वेगवेगळ्या लॉटला वेगळे फॅन येतात. व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि पिनची संख्या तिन्ही जुळवा. स्वस्त आहे, दिसतं ओरिजिनल, पण शांतता नवीन कार्डाएवढीच मिळेल, त्यापेक्षा जास्त नाही.

दुसरा रस्ता, ज्याला सगळे डीश्राउड म्हणतात. प्लास्टिकचं कव्हर आणि छोटे फॅन काढायचे, हीटसिंक तसाच ठेवायचा आणि त्यावर केसचे साधे १२० मिलिमीटरचे दोन फॅन बांधायचे. बहुतेक लोकांसाठी हाच बरोबर उपाय आहे असं माझं स्पष्ट मत. कारण हिशेबात आहे: ब्लेडचा घाट सारखा धरला तर तेवढ्याच आरपीएमला १२० चा फॅन ९० पेक्षा दुपटीहून जास्त हवा ढकलतो, म्हणजे तेवढीच हवा हवी असेल तर स्पीड अर्ध्याच्या आसपास आणता येतो, आणि फॅनचा स्पीड अर्धा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. कार्डावरचा ९० चा फॅन लोडला अडीच-तीन हजार आरपीएम मारतो तिथे हे १०००-१२०० ला काम उरकतात. कडेने थोडी हवा वाया जाते हे खरं, पण फरक तरी बराच उरतो.

तिसरा रस्ता, अख्खा आफ्टरमार्केट कुलर. आर्क्टिकची ॲक्सेलेरो मालिका एकेकाळी यासाठीच प्रसिद्ध होती, एक्स्ट्रीमवर तीन ९२ मिलिमीटरचे फॅन होते, पण आता ती नवीन मिळणं कठीण. रायजिंटेकचा मॉर्फियस अजून अधूनमधून दिसतो, बारा हीटपाइप (उष्णता पट्ट्यांकडे नेणाऱ्या नळ्या), फॅन आपले आपण लावायचे. कुलर म्हणून जबरदस्त आहे. पण किंमत बघा, जुन्या कार्डावर जवळपास कार्डाच्याच किमतीचा कुलर लावण्यात अर्थ नाही. हा रस्ता त्यांच्यासाठी ज्यांच्या कार्डाचा मूळ हीटसिंकच बोगस आहे: ब्लोअर कार्डं (एकाच छोट्या फॅनने हवा मागून बाहेर फेकणारी), किंवा हीटपाइप नसलेला नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्यावर कितीही मोठा फॅन लावा, फार हाती लागत नाही.

एनझेडएक्सटीच्या क्राकेन जी१२ सारखा ब्रॅकेट लावून सीपीयूचा लिक्विड कुलर चिपवर बसवायचा प्रकारही आहे. चिप मस्त थंड राहते, पण पंपचा आवाज नवीन, आणि व्हीआरएमची (चिपला व्होल्टेज देणाऱ्या भागांची) काळजी वेगळी. आवाजासाठी मी तरी सुचवणार नाही.

डीश्राउड करायचं ठरलं तर

पट्टी घ्या आणि आधी मोजा. एक पीसीआय स्लॉट म्हणजे २०.३२ मिलिमीटर. बोर्डाच्या पृष्ठभागापासून हीटसिंकच्या टोकापर्यंतची जाडी अधिक फॅनची २५ अधिक खाली श्वास घ्यायला निदान १५-२० मिलिमीटर. एवढी जागा नसेल तर १५ मिलिमीटरचे पातळ फॅन घ्या, आर्क्टिक पी१२ स्लिम किंवा नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स१५. छोट्या एमएटीएक्स आकाराच्या मदरबोर्डवर अजून एक गंमत: खालच्या काठावरचे यूएसबी आणि फ्रंट पॅनलचे हेडर नेमके फॅनच्या फ्रेमखाली येतात, वायर वाकवायलाही जागा राहत नाही. हे फॅन मागवायच्या आधी बघा, नंतर नाही.

फॅन कुठले? बजेट असेल तर नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५, नसेल तर आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम, कमी पैशात हीटसिंकवर दाब देणारे. पी१२ ला ९००-१००० च्या आसपास काहींना गुणगुण जाणवते, कर्व्हमध्ये तेवढा पट्टा पटकन ओलांडायचा. आरजीबीवाले स्वस्त तीन-पिनचे सेट घेऊ नका, पीडब्ल्यूएम (चौथ्या वायरवरून स्पीड कमी-जास्त होणारे) चार-पिनच पाहिजे.

वीज कुठून द्यायची यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कार्डावरचा फॅन कनेक्टर छोटा असतो, बहुतेक जेएसटी पीएच, २ मिलिमीटर पिचचा (दोन पिनांमधलं अंतर), आणि केस फॅनचा २.५४ चा. त्यासाठी ॲडॉप्टर केबल मिळते, जेलिडची प्रसिद्ध आहे, किंवा लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत कनेक्टर सुटे मिळतात. पण पिनचा क्रम सगळ्या कार्डांवर एकसारखा नाही, मल्टिमीटरने ग्राउंड आणि १२ व्होल्ट शोधल्याशिवाय लावू नका, आणि सहा-पिनचा कनेक्टर असेल तर जास्तच सावध. कार्डचं हेडर जळेल का, ही भीती बहुतेक फुकटची, कारण जुन्या फॅनवरच ०.४० किंवा ०.५० अँपिअर छापलेलं असतं आणि एनएफ-ए१२एक्स२५ फक्त ०.१४ खातो, म्हणजे दोन लावले तरी जुन्या एकापेक्षा कमी. दोन फॅनसाठी स्प्लिटर घेताना एकाच फॅनची टॅको वायर (स्पीड कळवणारी) पुढे जाते ना ते बघा, दोन्ही जोडल्या तर आरपीएम भलतंच दिसतं.

ॲडॉप्टर मिळत नसेल तर मदरबोर्डच्या हेडरला लावा आणि फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात कार्डचं तापमान सोर्स म्हणून निवडता येतं. बायोसला कार्डचं तापमान दिसत नाही हे लक्षात ठेवा, त्यामुळे बायोसमध्ये त्या हेडरला ४० टक्क्यांची पक्की किमान मर्यादा लावा, सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फॅन फिरत राहील.

उघडताना: कार्ड थोडा वेळ चालवून कोमट करा म्हणजे पेस्ट मऊ होते. काही कार्डांत कव्हर बाजूच्या स्क्रूंनीच सुटतं, हीटसिंक हलवावाच लागत नाही, हे सगळ्यात बेस्ट. काहींत कव्हरचे स्क्रू बोर्डाच्या बाजूने असतात, मग हीटसिंक काढावाच लागतो. तेव्हा सरळ ओढू नका, किंचित पिळल्यासारखं फिरवून सोडवा, आणि फॅनची वायर अजून जोडलेली असते ती आधी काढा, झटक्यात उचललं तर सॉकेटच बोर्डावरून उपटतं. एखाद्या स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबलेलं बरं, इथे सर्व्हिस सेंटरला कायदा सांगत बसण्यात दिवस जातात.

हीटसिंक काढलाच तर थर्मल पॅड नीट बघा. मेमरी आणि व्हीआरएमवरचे पॅड फाटले असतील तर जाडी व्हर्नियरने मोजा, आणि दबलेला पॅड मूळ जाडीपेक्षा कमीच दाखवतो हे धरून चाला. जाड पॅड लावला की हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि चिपवर टेकतच नाही. जाडीचा अंदाज येत नसेल तर थर्मल पुट्टी वापरा, ती दाबली तेवढी पसरते. बसवताना चार स्क्रू तिरप्या जोडीने, थोडा हा, थोडा समोरचा, असे आवळा.

फॅनचं तोंड असं ठेवा की हवा हीटसिंकमध्ये ढकलली जाईल, म्हणजे फॅनची स्टिकरवाली बाजू कार्डाकडे. बांधायला झिप टाय पुरतात, हीटपाइपच्या वळणातून किंवा कव्हरच्या जुन्या स्क्रूभोकांतून ओवा, शेपट्या ब्लेडकडे नको. फॅनची फ्रेम आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्यामध्ये फोम टेपची पट्टी लावा, थरथर बंद होते आणि कडेने हवाही गळत नाही. वजन वाढतं, तर खालून एक आधार द्या.

लावल्यावर काहीतरी चुकतंय

चिपचं तापमान कमी झालं पण अर्ध्या तासाने गेम अडखळतोय: व्हीआरएम किंवा मेमरी तापतेय. जुन्या कव्हरची रचना टोकाच्या व्हीआरएमवर हवा वळवायची, आता तिथे काही पोचत नाही. फॅन एक-दोन सेंटिमीटर त्या बाजूला सरकवा. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये काही ५८० वर व्हीआरएमचं तापमान दिसतं, दिसत असेल तर नशीब. एनव्हिडियाच्या ३०८०, ३०९० वाल्यांनी मेमरी जंक्शन (मेमरीच्या आतलं तापमान) बघितलंच पाहिजे, त्यांची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० ला थ्रॉटल होते, म्हणजे स्पीड कमी करते, आणि चिप ६५ ला असताना सुद्धा तिथे पोचू शकते.

नवीन कार्डांवर चिप आणि हॉटस्पॉटमध्ये (चिपवरचा सगळ्यात गरम बिंदू) २५-३० अंशांचं अंतर दिसतंय: हीटसिंक वाकडा बसलाय किंवा पॅड जाड झालेत. फॅनचा दोष नाही, परत उघडा.

फॅन हळू फिरतोय तरी सूं सूं आवाज: खाली जागा कमी, फॅनला हवा मिळत नाहीये. खालच्या पीएसयू (पॉवर सप्लाय) कव्हरवर भोकं नसतील तर हे हमखास होतं. पातळ फॅन लावा किंवा कार्ड वरच्या स्लॉटला हलवा, पण दुसरा स्लॉट खरंच पूर्ण लेनचा आहे ना ते मॅन्युअलमध्ये बघून.

फॅन फुल स्पीडने पळतायत आणि कशालाच ऐकत नाहीत: पीडब्ल्यूएमची वायर जोडली गेली नाहीये. फॅन अजिबात फिरत नाहीत: लगेच बंद करा, पिनचा क्रम तपासा.

पुढची साफसफाई आता सोपी, झिप टाय कापून फॅन बाजूला करायचे आणि पट्ट्यांत अडकलेली धूळ ब्रशने काढायची. ब्लोअर मारताना ब्लेड बोटाने धरून ठेवा, मोकळा फॅन हवेने भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. आणि काढलेलं कव्हर, जुने फॅन, सगळे स्क्रू एका पिशवीत घालून त्यावर कार्डाचं नाव लिहून ठेवा, विकायची वेळ आली की घेणारा पहिला प्रश्न त्यांचाच विचारतो.